‘डेड’ मोबाईल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोबाईल चालू होत नाही, म्हणजे प्रत्यक्षात एवढेच दिसते की पडदा काळा आहे. बॅटरी पूर्ण उतरली, सॉफ्टवेअर अडकले, डिस्प्ले गेला किंवा मुख्य बोर्डावर काही जळले, तरी पडदा काळा तो काळाच. ‘सेट डेड झाला’ हे निदान यांपैकी फक्त शेवटच्या प्रकाराला लागू पडते. इथे आष्टी तालुक्यात २०२१ पासून पिकाची नोंदसुद्धा ई-पीक पाहणीच्या ॲपवर होते, बँकेचा ओटीपीही त्याच फोनवर येतो. त्यामुळे फोन बंद पडला की घाई होते आणि घाईत साध्या तपासण्या राहून जातात. दुरुस्तीसाठी नगरची गाडी धरण्याआधी त्या घरीच करता येतात.

पहिला गैरसमज चार्जिंगचा. पाच मिनिटे चार्जर लावून काही उमटले नाही की ‘बॅटरी गेली’ असे ठरवले जाते. लिथियम-आयन बॅटरीचा विद्युतदाब फार खाली गेला की तिच्यातले संरक्षक सर्किट वीज तोडते. अशी बॅटरी पुन्हा भरताना फोन सुरुवातीला मुद्दामच अगदी थोडा प्रवाह घेतो, आणि पडदा उजळण्याइतकी वीज साठेपर्यंत चार्जिंगचे चिन्हही दिसत नाही. अर्धा तास थांबणे त्यामुळे गरजेचे. आयफोनसाठी ॲपल तासभर चार्जिंगला लावायला सांगते.

त्यातही वीज कुठून येते हे पाहावे लागते. दिवाळीच्या आसपास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मग कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, महिनोन्महिने फोन चार्ज होतो तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर किंवा लहान सोलर प्लेटवर. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो, स्वस्त कन्व्हर्टरमधून कधी तेवढाही नाही. पूर्ण उतरलेला फोन तेवढ्यावर लोगो दाखवतो, लगेच विझतो, परत लोगो दाखवतो. हा बोर्डाचा दोष समजला जातो, पण बहुधा उपासमार असते. घरातल्या विजेच्या बोर्डवर, दुसऱ्या केबलने आणि दुसऱ्या चार्जरने एकदा पाहिल्याशिवाय निदान करू नये. चार्जरवर बीआयएसचा शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो खरा आहे की नाही हे ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येते.

पिन सैल बसते म्हणून ‘चार्जिंग जॅक बदला’ असे सांगितले जाते. टॉर्चच्या उजेडात त्या भोकात नीट पाहिले तर पुष्कळदा खिशातल्या कापडाचा कोंडा आणि धूळ तळाशी ठासून बसलेली दिसते. फोन बंद ठेवून लाकडी दातकोरणीने ती हलकेच काढता येते. सुई किंवा टाचणी घालू नये, कारण आतले संपर्क वाकतात.

बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी, ही समजूत निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातून आली. लिथियम-आयनला तिचा फायदा नाही, उलट तोटाच आहे. कपाटात शून्यावर ठेवलेला जादा हँडसेट चार-सहा महिन्यांनी कायमचा मुका होतो तो यामुळेच. ठेवायचाच तर निम्मा चार्ज करून ठेवावा.

पूर्वी बॅटरी काढून परत बसवली की अडकलेला फोन सुटत असे. आता झाकण उघडत नाही म्हणून हा उपायच संपला, असे मानले जाते. प्रत्यक्षात तो बटणांत गेला आहे. सॅमसंगमध्ये आवाज कमी करण्याचे आणि पॉवरचे बटण एकत्र सात सेकंदांहून अधिक दाबून धरावे. इतर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये नुसते पॉवर बटण अर्धा मिनिट धरले तरी चालते. आयफोन ८ आणि पुढच्या फोनमध्ये आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडावे, मग कमी करण्याचे, आणि नंतर बाजूचे बटण लोगो येईपर्यंत धरावे. यात फोटो किंवा नंबर पुसले जात नाहीत. पुसले जातात ते फॅक्टरी रिसेटमध्ये. दोन्हींना सर्रास ‘रिसेट मारणे’ म्हणतात, तिथेच घोटाळा होतो.

डिस्प्लेची परीक्षा सर्वांत सोपी. दुसऱ्या फोनवरून रिंग द्यावी. वाजला किंवा थरथरला तर फोन जिवंत आहे, पडदा मेला आहे. एलसीडी पडदा असेल तर अंधारात तिरपा टॉर्च मारल्यावर कधी पुसट अक्षरे दिसतात. तेव्हा फक्त मागचा प्रकाश गेलेला असतो.

एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो. दुचाकीच्या हँडलवर किंवा बांधावर उन्हात पडलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो; ॲपलने आयफोन वापरण्याची मर्यादाच ३५ अंशांपर्यंत दिली आहे. तो बिघडलेला नसतो. सावलीत ठेवून गार होऊ द्यावा, त्याआधी चार्जर लावू नये. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये, आत दव धरते.

पाण्यात पडलेल्या फोनला तांदळाचा डबा दाखवण्याची रीत सार्वत्रिक आहे. तांदूळ आतले पाणी ओढत नाही, त्याची पूड पोर्टमध्ये जाते. २०२४ मध्ये ॲपलनेही तसे करू नका असे सांगितले. खरे नुकसान पाण्यापेक्षा पाण्यातून वाहणाऱ्या विजेने होते, तिने बोर्डावरचे सांधे गंजतात. म्हणून चालू होतो का हे पाहण्यासाठी बटण दाबणे हीच मोठी चूक. फोन बंद ठेवावा, सिम काढावे, पोर्ट खाली करून झटकावे आणि वाऱ्यावर ठेवावे. हेअर ड्रायर किंवा तापलेल्या पत्र्यावरचे ऊन नको. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात पडला असेल तर वाळला तरी कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावा. ‘वॉटरप्रूफ’ फोनची चाचणी स्वच्छ गोड्या पाण्यात झालेली असते आणि वापराने त्याचे रबर झिजते.

फोनची पाठ फुगून पडदा उचकटला असेल तर वरचे काहीही करू नये. दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. बॅटरी बदलणे एवढाच मार्ग.

एवढे करूनही फोन उठला नाही, तर दुकानात ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल’ असे ऐकू येते. लोगोवर अडकणाऱ्या फोनला तो उपाय कधी लागू पडतो, पण त्यात आतला सगळा डेटा सहसा जातो, तेव्हा होकार देण्याआधी हे विचारून घ्यावे. मेमरी चिप काढून दुसऱ्या फोनमधून फोटो मिळतील, ही आशाही खोटी. आजच्या फोनमधली साठवण कूटबद्ध असते आणि तिची किल्ली त्याच बोर्डाशी बांधलेली असते. नवा बोर्ड टाकला तर फोन चालू होतो, जुने फोटो जुन्या बोर्डाबरोबर जातात. ते हवे असतील तर तोच बोर्ड दुरुस्त करावा लागतो. तोवर सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की ओटीपी आणि कॉल लगेच सुरू होतात.