थळ घाटातला नियम आणि घरचा संगणक

इगतपुरीहून कसाऱ्याकडे निघालेली रेल्वेगाडी थळ घाट उतरू लागते, तेव्हा दर ३७ मीटरला १ मीटर असा उतार तिच्यापुढे असतो. भारतातल्या प्रवासी रेल्वेमार्गांवरच्या सर्वांत अवघड उतारांपैकी हा एक. गाडीचा ताबा सुटलाच, तर तिला रोखायला इथे कॅच सायडिंग आहे. हा फाटा चढावर नेऊन सोडलेला असतो. विशेष म्हणजे, त्याचे सांधे एरवी या फाट्याकडेच लावून ठेवलेले असतात. गाडी थांबली, ताब्यात आहे याची खात्री पटली, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. घरच्या संगणकाची राखण करणारी फायरवॉल नेमक्या याच नियमाने चालते: आधी अडवायचे, मग तपासायचे, मग सोडायचे.

इंटरनेटशी बोलण्यासाठी संगणकाकडे ० ते ६५,५३५ असे क्रमांक दिलेले ६५,५३६ पोर्ट, म्हणजे जणू दारे, असतात. सुरक्षित संकेतस्थळांची वाहतूक ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर चालते, तर विंडोजमधली फाइलींची देवाणघेवाण ४४५ वर. तुम्ही बँकेचे पान उघडता, तेव्हा फायरवॉल त्या मागणीची नोंद ठेवते आणि तिला जोडून आलेले उत्तर आत घेते. कोणीही न मागवता दारात आलेली माहिती मात्र ती परतवून लावते. सेकंदात शेकडो वेळा ही छाननी होते आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही.

ही सोय घरोघर पोहोचायला एक दणका बसावा लागला. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती बहुधा बंदच असे. ऑगस्ट २००३मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा विषाणू, कोणी काही उघडले नसतानाही लाखो संगणकांत घुसला. वर्षभराने, ऑगस्ट २००४मध्ये, मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस पॅक २ आणला आणि तेव्हापासून विंडोजची फायरवॉल मुळातच सुरू ठेवण्यात आली.

पण आपण स्वतःच आत आणलेल्या वस्तूचे काय? पेन ड्राइव्ह असो वा ई-मेलला जोडलेली फाइल, तिथे फायरवॉलचे काम संपते आणि अँटिव्हायरसचे सुरू होते. पीसीवरचा पहिला विषाणू मानला जाणारा ‘ब्रेन’ १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. फ्लॉपीवरून असे विषाणू पुण्यातही पोहोचले. तिथे कैलाश काटकर यांचा दुरुस्तीचा व्यवसाय होता. साताऱ्याकडचे, दहावीनंतर शिक्षण सुटलेले कैलाश कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांकडे वळले होते. दुरुस्तीला येणारे कितीतरी संगणक विषाणूने बिघडलेले असत. धाकटे बंधू संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी विषाणू काढणारे प्रोग्राम लिहायला घेतले. त्यातूनच १९९०च्या दशकाच्या मध्याला ‘क्विक हील’ उभे राहिले. पुण्याबाहेरची त्यांची पहिली शाखा नाशिकला निघाली आणि २०१६मध्ये ही मराठी माणसांची कंपनी शेअर बाजारात दाखल झाली.

अँटिव्हायरसची जुनी पद्धत म्हणजे ओळखचिन्हे जुळवणे. प्रत्येक ज्ञात विषाणूच्या कोडमधला वेगळा ओळखू येणारा तुकडा नोंदीत असतो आणि उघडली जाणारी प्रत्येक फाइल त्या नोंदीशी ताडून पाहिली जाते. याची चाचणी घेण्यासाठी आयकार नावाची फाइल आहे. त्यात फक्त ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ असते. अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी मात्र तिला विषाणूच समजायचे असे ठरवले आहे. ती संगणकात जतन करायचा प्रयत्न केला, की जागा असलेला अँटिव्हायरस तिला लगेच पकडतो.

मात्र नोंदीत नसलेला विषाणू या पद्धतीला सापडत नाही. म्हणून आजचे अँटिव्हायरस वागणुकीवरही लक्ष ठेवतात. एखादा अनोळखी प्रोग्राम धडाधड शेकडो फाइली कुलूपबंद करू लागला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवून वेगळे काढले जाते.

या दोन्ही राखणदारांना तिसरी जोड लागते ती अपडेटची. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या वर्मने दीडशेच्या आसपास देशांतल्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. तो ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून, विंडोजमधल्या एका त्रुटीचा फायदा घेत पसरला. ही त्रुटी बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता! त्यानंतरही, २७ जूनला, त्याच त्रुटीचा वापर करणारा ‘नॉटपेट्या’ जगभर पसरला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

घरातल्या संगणकावर मुलांचे फोटो, बँकेचे व्यवहार, जमिनीचे कागद असे सगळेच असते. त्यांच्या रक्षणाला फार खर्चही लागत नाही. विंडोज १० आणि ११मध्ये फायरवॉल आणि अँटिव्हायरस दोन्ही मुळातच आहेत. ती सुरू आहेत ना, हे पाहावे. विंडोज १०चा मोफत नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात ठेवावे. एका वेळी एकच अँटिव्हायरस चालवावा, कारण दोन असले की ते एकमेकांच्या आड येतात. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’कडून विषाणू काढण्याची साधने मोफत मिळतात. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० वर फोन करावा. आणि अपडेटची सूचना आली, की काम थोडे थांबवून तो त्याच दिवशी होऊ द्यावा. वॉनाक्रायच्या वेळी ज्यांनी एवढे केले होते, त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेने शिरताच आले नाही.