मात्रेचा हिशेब

१९४८ च्या मार्च महिन्यात मेलबर्न शहराच्या सीमेवरील बंडूरा येथे, माजी सैनिकांसाठी चालविलेल्या मनोरुग्णालयात, जॉन केड या डॉक्टरांनी पाच वर्षे अखंड उन्मादावस्थेत असलेल्या एका रुग्णास लिथियम या धातूचा क्षार देण्यास आरंभ केला, तेव्हा गिनीपिगांवरील काही प्रयोगांपलीकडे त्यांच्यापाशी फारसा पुरावा नव्हता. काही आठवड्यांत तो रुग्ण शांत झाला, घरी गेला आणि जुन्या नोकरीवर पुन्हा रुजूही झाला. परंतु बरे वाटताच त्याने औषध सोडले व उन्माद परतला, आणि पुन्हा औषध सुरू झाल्यानंतर १९५० मध्ये त्याच औषधाच्या विषबाधेने त्याचा अंत झाला. बायपोलर विकाराच्या, म्हणजे उन्माद आणि विषाद यांच्या आळीपाळीने येणाऱ्या झटक्यांच्या, औषधोपचारातील दोन्ही संकटे अशा रीतीने पहिल्याच रुग्णाच्या वाट्याला आली.

केड यांचा दहा उन्मादग्रस्त रुग्णांसंबंधीचा लेख १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी वापरल्या जाणाऱ्या लिथियमयुक्त चूर्णाने काही हृदयरोगी दगावल्याने तेथील सरकारने त्याच्या विक्रीस मनाई केली. या बदनामीतून औषध सावरले ते दोन गोष्टींमुळे: एक, डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी १९५४ पासून प्रसिद्ध केलेल्या तौलनिक चाचण्या, आणि दुसरी, रक्तातील लिथियमचे प्रमाण मोजण्याची हाती आलेली सोय. अमेरिकेत रीतसर परवानगी मिळण्यास मात्र १९७० साल उजाडावे लागले.

या मोजणीला एवढे महत्त्व का, हे आकड्यांवरून ध्यानी येईल. दीर्घकालीन उपचारात हे प्रमाण सामान्यतः दर लिटर रक्तद्रवात ०.६ ते ०.८ मिलिमोल असे राखतात, उन्मादाच्या भरात त्याहून थोडे अधिक, आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. उपकार आणि अपकार यांच्यामधली ही पट्टी इतकी अरुंद असल्यामुळेच, रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असा दंडक आहे. सकाळी गोळी घेऊन मग प्रयोगशाळेत गेलेल्या रुग्णाचा आकडा फुगलेला येतो आणि त्यावर विसंबून मात्रा विनाकारण घटविली जाण्याचा संभव असतो.

शिवाय गोळ्या तेवढ्याच असल्या तरी प्रमाण तेवढेच राहील, याची शाश्वती नाही. लिथियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे असून, शरीरातले पाणी किंवा मीठ कमी पडले की ती सोडियमबरोबर लिथियमही राखून ठेवू लागतात. विदर्भातला वैशाख, जुलाबांची साथ, निर्जळ उपवास, कोणाच्या सांगण्यावरून एकाएकी मीठ सोडणे, सांधेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅकची गोळी, रक्तदाबावरील काही औषधे, यांपैकी कोणत्याही निमित्ताने रक्तातील लिथियम वाढू शकते. आणि हाताचा कंप बळावणे, उलट्या, जुलाब, झोकांड्या जाणे, बोबडी वळणे ही चिन्हे दिसताच पुढची गोळी न देता तातडीने डॉक्टर गाठणे हेच घरच्यांचे कर्तव्य ठरते.

मात्रा स्थिरावेपर्यंत ही तपासणी वरचेवर होते, पुढे तीन ते सहा महिन्यांनी. त्याजोडीला मूत्रपिंडे, थायरॉइड ग्रंथी आणि रक्तातील कॅल्शियम यांचीही पाहणी करावी लागते, कारण थायरॉइड मंदावल्याने आलेली मरगळ विषाद समजली जाणे फार सोपे आहे. इतर औषधांच्या अटी वेगळ्या: व्हॅल्प्रोएटसाठी यकृत व रक्तबिंबिकांवर लक्ष ठेवावे लागते आणि गर्भावर होणाऱ्या गंभीर परिणामांमुळे अपत्यसंभवाच्या वयातील स्त्रियांना ते देणे शक्यतो टाळतात; लॅमोट्रिजीनची मात्रा सावकाश वाढवितात व अंगावर पुरळ दिसल्यास लगेच डॉक्टरांना दाखवितात; ओलांझापिनमुळे वजन आणि साखर वाढू शकते. नुसते विषादनाशक औषध दिल्याने उन्माद उसळू शकतो, ही गोष्टही कुटुंबास ठाऊक असावी.

या साऱ्या तपासण्यांत चुकते ती बहुधा बरे वाटत असतानाची, आणि "आता कशाला गोळ्या?" हा प्रश्नही त्याच सुमारास घरात निघतो. लिथियम एकाएकी थांबविल्यास उन्माद उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून ते बंद करावयाचेच असल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यांनी वा महिन्यांनी मात्रा उतरवीत बंद करावे लागते. सुरू करताना जेवढा विचार केला, तेवढाच तो थांबविताना करणे, हा या इलाजाचाच भाग आहे.