तट्टू मान का झटकते?



आमच्या घरी एक तट्टू आहे. रंगाने तांबडे म्हणून त्याचे नाव तांबू. आपल्या माण, खटाव, फलटण भागात आणि पलीकडं सांगली जिल्ह्यात आटपाडी, जतकडे मेंढरं पाळणारे लोक अशी तट्टं ठेवतात. पाऊसकाळ संपला की बिऱ्हाड त्यांच्याच पाठीवर जाते. घोंगडी, भांडी, त्यावर कोंबडी, कधी एखादं लहान पोर! भीमेच्या खोऱ्यातली म्हणून यांना भीमथडी तट्टू म्हणतात. आपली माणगंगा पण भीमेलाच मिळते.

माझ्या धाकट्या भावाला तट्टावर बसायला शिकायचे आहे. तो दुसरीत आहे. पण लगाम घातला की तांबू मान झटकायचे, तोंड वासायचे. भाऊ घाबरून लगाम आणखी ओढायचा, मग ते आणखी झटकायचे. लोक म्हणाले, तट्टू खोडील आहे, विकून टाका. आमचे आबा म्हणाले, "खोड न्हाई, तोंड हळवं हाय त्याचं." तोंड हळवं म्हणजे काय ते आता सांगते.

घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे नुसती हिरडी. लगामाची लोखंडी कडी बरोबर त्या जागी आणि जिभेवर बसते. हिरडी पातळ आणि तिच्याखाली लगेच हाड. आपल्या नडगीवर दगड लागला की कसे कळवळायला होते, तसेच त्याला होते. घोडा बोलत नाही, म्हणून मान झटकतो.

दुसरे कारण दात. आपले दुधाचे दात पडतात तसे घोड्याचेही पडतात बरं का! अडीच वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत ते चालूच असते. मोठ्या घोड्याला साधारण ४० दात असतात, घोडीला ३६. तांबू चार वर्षांचे आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितले तर एक दाढ हलत होती आणि बाकीच्या दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला आतून लागत होत्या. डॉक्टरांनी त्या कडा कानशीने घासल्या. मला वाटले तांबू ओरडेल, पण ते नुसते फुरफुरले. जखम भरेपर्यंत कडी घालायची नाही, असे त्यांनी सांगितले.

आमची कडी पण जुनी होती. गंज चढून खरखरीत झाली होती. वापरून झाल्यावर कडी धुवून पुसायला पाहिजे, नाहीतर फेस आणि चारा वाळून टोचतो. थंडीत सकाळी लोखंड बर्फासारखे गार असते, तेव्हा आबा आधी ती हातात चोळून गरम करतात. काही लोक काटे असलेली कडी घालतात म्हणजे जनावर लवकर ऐकते. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी सरकारने १९६५ साली नियम केले, त्यात अशा कडीला बंदी आहे. पालकांनी हे वाचावे.

आता बसणाऱ्याविषयी. मधल्या सुट्टीत आम्ही एक खेळ केला. एकीने डोळे मिटून कडी दोन्ही मुठीत धरायची, दुसरीने मागे बसून लगाम ओढायचा. अगदी करंगळीने ओढले तरी समजते! भावाला पण डोळे मिटून कडी धरायला दिली. तो म्हणाला, "एवढं कळतंय व्हय?"

मग आबांनी त्याला लगाम दिलाच नाही. तांबूला नुसती म्होरकी घातली. म्होरकी नाकावर बसते, तोंडात काही जात नाही. दोरी आबांच्या हातात. भावाने आयाळ धरायची आणि पाय खाली सैल सोडून बसायचे. महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी आणि पाचगणीला टेबललँडवर पाहुण्यांची मुले घोड्यावर बसतात, तिथेही घोडेवाले दोरी धरून बरोबर चालतात.

आपण इतिहासात शिवरायांचे घोडदळ शिकलो. सरनौबत हंबीरराव मोहिते आपल्याच जिल्ह्यातले, तळबीडचे. स्वाराच्या एका हातात तलवार किंवा भाला, मग लगामाला हात उरतो एकच. म्हणजे घोडा टाचेने आणि अंगाच्या झोकाने वळवता यायला पाहिजे. भाऊ आता तेच शिकतो आहे. थांबवायचे असले तर "हो" म्हणायचे, दोरी एकदा हलकेच ओढायची आणि तांबू थांबले की लगेच सैल सोडायची. सैल नाही सोडली तर त्याला कसे कळणार की आपण बरोबर केले?

तांबू आता मान झटकत नाही. भाऊ म्होरकीवरच ओढ्यापर्यंत जाऊन येतो आणि विकायचे नाव कोणी काढत नाही. सगळे दात आल्यावर नवी कडी आणायची आहे. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथे जाणार आहोत. आबा म्हणाले, मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून बघू, टोचली तर परत ठेवू.