औंधचे अप्पासाहेब, जकार्तातले राजदूत

इथून विमानाने जेमतेम दोन तासांवरच्या जकार्तात १९६१ साली भारताचे राजदूत म्हणून आले ते सातारा जिल्ह्यातल्या औंधचे अप्पासाहेब पंत. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या राजांचे हे चिरंजीव. गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये औंधचा कारभार प्रजेकडे गेला, त्यात अप्पासाहेबांचा मोठा वाटा. घरचीच सत्ता सोडायला लावणारा मुलगा विरळाच!

पुढे नैरोबीत भारताचे आयुक्त असताना त्यांची जोमो केन्याटांशी मैत्री झाली. इंग्रजांना ती खुपली.

जकार्तातली कसोटी वेगळी. १९६२ च्या आशियाई खेळांतून इस्रायल व तैवानला वगळल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी बोलले, आणि जमाव भारतीय दूतावासावर चालून गेला. दुसऱ्याच दिवशी, प्रेक्षकांच्या हुर्यो-आरड्यात, भारताने दक्षिण कोरियाला हरवून फुटबॉलचे सुवर्ण जिंकले. पंत १९६४ पर्यंत जकार्तातच राहिले.