यादीत ‘ज्ञानेश्वर’ कुठे शोधायचा? संगणक मराठी नावांची क्रमवारी कशी लावतो?

शाळेच्या पटावर तीन नावं आहेत: तानाजी, हणमंत आणि ज्ञानेश्वर. बाराखडी पाठ असलेला कोणीही सांगेल, की आधी तानाजी, मग हणमंत आणि सगळ्यात शेवटी ज्ञानेश्वर. कारण मराठी वर्णमाला ‘ज्ञ’वर संपते.

हीच नावं संगणकाला लावायला सांगितली तर बऱ्याचदा ज्ञानेश्वर पहिला येतो. संगणकाच्या लेखी ‘ज्ञ’ हे वेगळं अक्षर नाही. तो ‘ज’, हलन्त आणि ‘ञ’ यांचा जोड आहे. म्हणून ज्ञानेश्वर ‘ज’च्या नावांमध्ये जाऊन बसतो.

तीन नावांच्या यादीत याने काही बिघडत नाही. पण चावडीवर लावलेली यादी वीस पानांची असेल तर? ज्ञानेश्वर नावाचा माणूस सवयीने शेवटचं पान उघडतो, तिथे आपलं नाव दिसत नाही आणि ‘यादीत नाव आलंच नाही’ असं समजून घरी जातो. नाव मात्र सातव्या पानावर असतं.

असं का होतं आणि यावर उपाय काय, ते समजून घेऊ.

क्रमवारीची दोन कामं

यादी लावायची म्हणजे दोन वेगळी कामं करायची असतात. एक, नावं पटापट मागे-पुढे हलवायची. दोन, कोणतं नाव आधी आणि कोणतं नंतर, हे ठरवायचं.

ही कामं प्रत्येक प्रोग्रामर स्वतः नव्याने लिहीत बसत नाही. त्यासाठी तयार कोडचे संच मिळतात. त्यांना ‘लायब्ररी’ म्हणतात. त्यातल्या अनेक लायब्ररी ओपन सोर्स असतात, म्हणजे त्यांचा कोड कोणालाही वाचता येतो, फुकट वापरता येतो आणि परवान्याच्या अटी पाळून बदलताही येतो.

पहिलं काम आता बरंचसं सुटलेलं आहे. पायथन या भाषेसाठी टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये ‘टिमसॉर्ट’ नावाची पद्धत लिहिली. पुढे जावा आणि अँड्रॉइडमध्येही ती वापरली गेली. यादीत आधीच क्रमाने लागलेले तुकडे असतील तर ही पद्धत ते ओळखते आणि पुन्हा विस्कटत नाही. समजा, सातारा जिल्ह्यातल्या गावांची एक लावलेली यादी आहे आणि सांगलीची दुसरी. दोन्ही एकाखाली एक चिकटवल्या, तर टिमसॉर्ट सगळं पहिल्यापासून लावत नाही, दोन्ही तुकडे एकमेकांत गुंफते.

कोड खुला असण्याचा फायदाही इथे दिसला. २०१५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी हा कोड गणिती पद्धतीने तपासला आणि त्यात एक चूक शोधून काढली. इतकी वर्षं जगभर वापरात असूनही ती कोणाच्या लक्षात आली नव्हती.

दुसरं काम अवघड आहे, कारण ते भाषेवर अवलंबून असतं.

‘ळ’ची जागा कोणती?

मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो आणि त्यानंतर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेतही हाच क्रम आहे.

संगणकात मात्र ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे असतो. याला कारण आहे. आज सगळीकडे वापरलं जाणारं युनिकोड प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतं. देवनागरीचे क्रमांक ठरवताना ‘इस्की’ या भारतीय मानकाचा आधार घेतला गेला. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच साचा चालावा म्हणून इस्कीमध्ये ‘ल’शेजारी ‘ळ’ ठेवलेला होता. म्हणजे ही चूक नव्हती, सोय होती. पण क्रमांक म्हणजे वर्णक्रम नव्हे.

सांगली जिल्ह्यातली दोन नावं घ्या: वाळवा आणि तासगावजवळचं वासुंबे. नुसते क्रमांक बघून लावलं तर वाळवा आधी येतं, कारण ‘ळ’चा क्रमांक ‘स’च्या आधीचा आहे. मराठी वर्णक्रमाने वासुंबे आधी आणि वाळवा नंतर यायला हवं. सातारा जिल्ह्यातल्या पसरणी आणि पळशीचंही तसंच होतं.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’बद्दल तर भाषेगणिक मत बदलतं. हिंदी कोशांत ‘क्ष’ हा ‘क’खाली आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’खाली सापडतो. लिपी एकच असली तरी नियम वेगळे आहेत. त्यामुळे ‘देवनागरीची क्रमवारी’ लावून भागत नाही, ‘मराठीची क्रमवारी’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

वाईत हा प्रश्न आधीच सोडवावा लागला होता

मराठीतलं क्रमवारीचं एक मोठं काम सातारा जिल्ह्यातच झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम वाईत उभं राहिलं. १९७६ मध्ये आलेल्या पहिल्या खंडात ‘अंक’ ते ‘आतुरचिकित्सा’ या नोंदी आहेत.

असा कोश खंडाखंडाने छापायचा तर वर्णक्रम आधीच ठरलेला असावा लागतो. एखादी नोंद चुकीच्या जागी गेली आणि खंड छापून झाला, की ती मागे नेता येत नाही.

पहिलीच नोंद ‘अंक’ आहे, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. शाळेत आपण ‘अं’ हा ‘औ’नंतर म्हणतो. मग ‘अंक’ हा ‘अकोला’च्या आधी की सगळ्या ‘औ’नंतर? विश्वकोशाने अनुस्वार आधी धरला. त्याच रीतीने तालुक्यांच्या यादीत खंडाळा आधी येतो आणि खटाव नंतर. इथे युनिकोडचा क्रमही जुळतो.

मराठीचा नियम संगणकाला कोण शिकवतं?

हे काम मुख्यतः दोन खुल्या प्रकल्पांमधून होतं. पहिला ‘सीएलडीआर’. यात जगभरातल्या भाषांचे नियम साठवलेले आहेत: तारीख कशी लिहायची, महिन्यांची नावं काय, अक्षरांचा क्रम कोणता. मराठीसाठी ‘ह’नंतर ‘ळ’ हा नियमही तिथे नोंदवलेला आहे.

दुसरा ‘आयसीयू’. ही लायब्ररी ते नियम वाचून प्रत्यक्ष नावांची तुलना करते. आयबीएमने ती १९९९ मध्ये खुली केली आणि २०१६ पासून ती युनिकोड कन्सोर्टियमकडे आहे. अँड्रॉइड, आयफोन, क्रोम आणि लिब्रेऑफिसमध्ये ती आत काम करत असते. म्हणजे तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ती बहुधा आहेच.

मग यादी चुकते का? कारण नियम असणं आणि तो चालू करणं यात फरक आहे. पायथनमध्ये साधी ‘सॉर्टेड’ आज्ञा दिली तर ती फक्त क्रमांक बघते. मराठी क्रम हवा तर ‘पायआयसीयू’ वापरावं लागतं. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल कोलेटर’ला ‘एमआर’ हा मराठीचा संकेत द्यावा लागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सॉर्टच्या पर्यायांत भाषा निवडता येते.

काम एका ओळीचं आहे. पण ती ओळ लिहायची आहे, हे कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

जुन्या फाँटमधल्या याद्यांचं काय?

इथे लायब्ररीही हात टेकते. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी. ‘सातारा’ हा शब्द संगणकाला ‘एल, के, आर, के, जे, के’ असा दिसतो. ‘मिरज’मधली पहिली वेलांटी आधी टाइप होते, म्हणून तो शब्द ‘एफ’ने सुरू होतो.

कृतिदेवमधली आठ नावं क्रमाने लावली तर काय मिळतं बघा: कराड, मिरज, पाटण, सांगली, सातारा, वाई, तासगाव, जत.

खरा क्रम असा हवा: कराड, जत, तासगाव, पाटण, मिरज, वाई, सांगली, सातारा.

अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. त्याशिवाय क्रमही लागत नाही आणि नाव शोधताही येत नाही.

दिसायला एक, आतून दोन

युनिकोडमध्ये आल्यावरही एक अडचण उरते. कराडचं जुनं लेखन ‘कऱ्हाड’. यातला अर्धा ‘ऱ’ दोन-तीन प्रकारे टाइप करता येतो. डोळ्यांना काही फरक दिसत नाही, पण संगणकासाठी ते वेगवेगळे शब्द असतात. मग एकाच गावाच्या दोन नोंदी होतात. तुलना किती काटेकोर करायची हे आयसीयूमध्ये ठरवता येतं. सैल तुलना केली तर असे बारीक फरक बाजूला ठेवता येतात.

पण ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ हे एकच गाव आहे, हे कोणतीही लायब्ररी आपणहून ओळखत नाही. उलट पळशी नावाचं गाव सांगलीच्या खानापूर तालुक्यातही आहे आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातही. तिथे नाव एक, पण गावं दोन. यासाठी केंद्र सरकारच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे. माहिती जुळवताना तो क्रमांक वापरायचा आणि नाव फक्त माणसांना वाचण्यासाठी ठेवायचं, हा सुरक्षित मार्ग.

तुमची यादी कशी तपासाल?

शाळेत, पतसंस्थेत किंवा ग्रामपंचायतीत तुम्ही याद्या करत असाल, तर हे सात शब्द वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि सॉर्ट करा: ज्ञानेश्वर, वाळवा, खटाव, हणमंत, वासुंबे, खंडाळा, तानाजी.

उत्तर असं यायला हवं: खंडाळा, खटाव, तानाजी, वासुंबे, वाळवा, हणमंत, ज्ञानेश्वर.

वाळवा वासुंबेच्या आधी आलं किंवा ज्ञानेश्वर तानाजीच्या आधी आला, तर मराठीचा नियम चालू नाही. सॉर्टच्या पर्यायांत भाषा मराठी करता येते का ते बघा, किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला हीच सात नावं पाठवून दुरुस्ती मागा. तोवर यादी भिंतीवर लावताना वर एक ओळ लिहून ठेवा: ‘ज्ञ’ने सुरू होणारी नावं ‘ज’मध्ये आणि ‘क्ष’ने सुरू होणारी ‘क’मध्ये पाहावीत.