‘आम्ही’ नव्हे, ‘मी’!

कॅनडात ओंटारिओ प्रांतात नावापुढे ‘पी.इंज.’ (परवानाधारक अभियंता) लावायचं तर नुसती पदवी पुरत नाही. 48 महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. त्यातलं एक वर्ष कॅनडातच काढलेलं असावं, ही अट मे 2023 मध्ये गेली. त्यामुळे पुण्यात किंवा नाशिकला केलेलं कामही आता पूर्ण धरता येतं. मात्र ते कागदावर उतरवणं सोपं नाही.

अनुभव 7 गटांतल्या 34 क्षमतांमध्ये विभागून लिहायचा. प्रत्येक ठिकाणी एक खरा प्रसंग द्यायचा: परिस्थिती काय होती, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं. आपली मंडळी अडखळतात ती इथे. ‘आम्ही पूल बांधला’ असं लिहायची आपली सवय. तिथे विचारतात, तुळईचं गणित कोणी केलं? विनयाला इथे गुण नाहीत.

‘प्रामाणिकपणे व मेहनतीने काम केले’ अशा ठरीव अनुभवपत्रानेही भागत नाही. तुमचं काम जवळून पाहिलेल्या, ते तांत्रिकदृष्ट्या समजणाऱ्या माणसाने प्रत्येक नोंद पडताळून स्वतःचं मत द्यावं लागतं. तो साहेब निवृत्त झाला, फोन बदलला, कंपनीच बंद पडली, तर शोधाशोध आलीच. म्हणून नोकरी सोडतानाच साहेबाचा खासगी ई-मेल मागून घ्यावा, आणि कामाची तारीखवार डायरी पहिल्या दिवसापासून ठेवावी. कंपनीची गोपनीय ड्रॉइंग्ज मात्र सोबत नेऊ नयेत.

कायदा आणि व्यावसायिक नीतीची परीक्षा वेगळी.