'सनर्जी': दोन शेजारणी आणि बुकला
सिंथेसायझर म्हटलं की पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आठवतात. डॉन बुकला यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात बनवलेल्या 'बुकला' सिंथेसायझरला त्या नव्हत्याच! स्पर्शपट्ट्यांवर बोट टेकवायचं, वायरींची जोडणी बदलायची, की विजेच्या दाबाबरोबर सूरही हलणार. संगीतकार सुझान चियानी तरुणपणी बुकलांकडेच सोल्डरिंग करायच्या. पुढे बोलिनास या समुद्रकाठच्या गावात केटलिन ऑरेलिया स्मिथ ही त्यांच्याहून बरीच धाकटी, पण तितकीच बुकलावेडी संगीतकार त्यांची शेजारीण निघाली. दोघींचा 'सनर्जी' हा बुकलावरचा अल्बम २०१६च्या सप्टेंबरमध्ये आला. त्याच महिन्यात बुकला गेले. लाटांसारखं चढत-ओसरत जाणारं संगीत आहे. हेडफोन लावूनच ऐका. घाईत असाल तर मात्र वाट्याला जाऊ नका.